हिब्रू वाचायला शिकताना आधी आपला 'अ' बाजूला ठेवा

इस्रायलमधल्या रेहोवोतला येऊन आठवडा झाला होता, नवरा लॅबमध्ये, मी एकटी सुपरमार्केटच्या फ्रिजसमोर उभी आणि दूध हवं होतं. डब्यावर तीनच अक्षरं, लामेद, बेत आणि शेवटी लांब शेपटीचा नून. आदल्याच दिवशी क्लासमध्ये रंग शिकवले होते आणि ही तीन अक्षरं म्हणजे 'लावान', पांढरा, हे मला पक्कं पाठ होतं. म्हटलं पांढरं ते दूधच असणार, आणलं, चहात ओतलं आणि चहा फाटला. डब्यावर 'लावान' नव्हतंच, 'लेबेन' होतं, म्हणजे ताक आणि दही यांच्या मधलं काहीतरी आंबट. अक्षरं तीच, स्वर वेगळे, आणि स्वर कुठे छापलेलेच नव्हते.

ज्यांना अगदी शून्यापासून हिब्रू लिपी शिकायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, मग तुम्ही नोकरीसाठी इस्रायलला निघालेले असा, केअरगिव्हर म्हणून जाणार असा, बायबल मुळातून वाचायचं असेल किंवा नुसतीच हौस असेल. इथे हिब्रू अक्षरं छापत नाहीये, आकार शब्दांत सांगते, त्यामुळे वाचायच्या आधी एक काम करा, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हिब्रू कीबोर्ड टाका आणि एक चौकटीची वही जवळ घ्या. मी जे अक्षर सांगेन ते शोधा, बघा, लिहा. आणि एक गोष्ट ठरवून टाका की इंग्रजी स्पेलिंगमधून हिब्रू शिकायचं नाही. इंग्रजीत घशातल्या ख़ साठी सी-एच लिहितात आणि आपले लोक सरळ 'चानुका' वाचतात, सणाचं नाव आहे ख़ानुका. मराठीतून शिकलात तर अर्धं काम आधीच झालेलं आहे, कसं ते बघा.

सुरुवात घशापासून

आवाज आधी, अक्षरं नंतर. हिब्रूतले बहुतेक आवाज आपल्याकडे आहेतच, आणि दोन तर असे आहेत की हिंदीवाल्यांना घाम फुटतो आणि आपल्याला काहीच करावं लागत नाही. 'चूल', 'चोर', 'चाक' यातला च म्हणा, 'चहा' मधला नाही. तोच त्सादी या अक्षराचा आवाज, मी तो 'त्स' असा लिहितेय. आणि 'जरा', 'जोर', 'रोज' यातला ज म्हणजे ज़ायिन, फक्त त्याच्या आधी जो बारीक द येतो तो येऊ द्यायचा नाही. माझ्या वर्गात लखनौची एक मुलगी होती, तिला त्सादी जमायला महिना लागला, मी मात्र पहिल्या दिवशी शाबासकी घेऊन बसले. पण ख़ च्या वेळी तिने सगळं वसूल केलं.

तर हा ख़, खाली टिंब असलेला. आपला 'खडू' मधला ख चालत नाही, त्यात हवा एकदम फुटते. ख़ मध्ये हवा घशाच्या मागच्या भागातून घासत, सतत बाहेर आली पाहिजे. बांगड्याचा काटा घशात अडकल्यावर जो आवाज काढतो तोच, पण जरा सभ्यपणे. सराव असा करा, तोंड उघडून आरशावर वाफ सोडतो तसा 'हाऽऽ' करा आणि हळूहळू जिभेची मागची बाजू वर उचला, घासायला लागलं की थांबा, तोच ख़. दिवसातून दहा वेळा 'लेख़ेम' म्हणा, म्हणजे पाव, ब्रेड. चार दिवसांत येतो.

फ़ सुद्धा टिंबाचा, ओठ-दातांचा, 'फळ' मधला नाही, 'फ़ोन' मधला. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकवा, आपण तो ओठ गोल करून म्हणतो, तसं नको. र इस्रायलमध्ये बहुतेक लोक पडजिभेपाशी म्हणतात, गुळणी करताना येतो तसा काहीसा, पण आपला जिभेचा र म्हटलात तरी सगळ्यांना कळतो, येमेनहून आलेल्या घरांतली म्हातारी माणसं अजून तसाच म्हणतात. त्यामुळे र वर वेळ घालवू नका. ट, ड, ण, ळ हे नाहीतच, आणि महाप्राणही नाहीत, म्हणजे भ, ध, घ, थ सगळे सुट्टीवर.

स्वर फक्त पाच, आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकच नाही! शुद्धलेखनात ज्यांचे मार्क कायम वेलांटीवर गेले त्यांना इथे मोक्ष आहे. पण एक धोका, आपला 'कमळ' मधला जो अ आहे ना, तो हिब्रूत नाहीच. जिथे अ सारखं काही दिसेल तिथे तोंड उघडून आ म्हणा. 'शलोम' म्हणू नका, 'शालोम' म्हणा.

आघात मात्र लक्ष देऊन शिकायचा, कारण मराठीत आपण कुठल्याच अक्षरावर फारसा जोर देत नाही आणि मग आपलं हिब्रू सपाट, पाढे म्हटल्यासारखं ऐकू येतं. साधारण नियम, जोर शेवटच्या अक्षरावर, शा-लोम, तो-दा, आणि काही शब्दांत त्याच्या आधीच्या, ले-ख़ेम, से-फ़ेर, ये-लेद. याने अर्थही बदलतो. जोर 'बो' वर दिला तर बो-केर म्हणजे सकाळ आणि 'केर' वर दिला तर गुरं राखणारा, काउबॉय. 'गुड मॉर्निंग'ला बो-केर तोव म्हणायचं असतं, मी पहिले काही दिवस बिल्डिंगमधल्या लोकांना काउबॉयच म्हणत होते.

बावीस अक्षरं, उजवीकडून

एकूण २२ अक्षरं, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडे. कॅपिटल-स्मॉल भानगड नाही, जोडाक्षर नाही, अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे तारीख आली की डोळा मध्येच उलटा फिरतो, होते सवय.

क्रमाने पाठ करायची घाई करू नका. शब्दांतून शिका. पहिला शब्द शालोम. शीन, म्हणजे तीन दाते वर आलेलं अक्षर, दांडा नसलेलं त्रिशूळ. मग लामेद, ओळीच्या वर मान काढणारं हे एकच अक्षर आहे, पानावर लांबूनच दिसतं. मग वाव, एक उभी काठी, डोक्याला बारीक आकडा. आणि शेवटी मेम, पण शेवटचा मेम, म्हणजे बंद चौकोन.

शेवटचा का, तर पाच अक्षरं अशी आहेत की शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात, काफ, मेम, नून, पे, त्सादी. यांना 'सोफ़ित' म्हणतात. चौघांची शेपटी ओळीच्या खाली सरळ उतरते, आणि मेम तेवढा दार लावून घेतो. एरवी मेमच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटी फट असते.

मग दुसऱ्या दिवशी तोदा घ्या, आभारी आहे. ताव, वाव, दालेत, हे. दालेत म्हणजे वर आडवी पट्टी आणि उजवीकडे खाली उतरलेला पाय. 'हे' नावाचं अक्षर म्हणजे तसंच, पण डावीकडे एक छोटा सुटा पाय, वर न चिकटलेला. आणि तावचा डावा पाय खाली बाहेर वळलेला, बूट घातल्यासारखा. मग मायिम, पाणी, मेम, योद, बंद मेम. योद सगळ्यात लहान, वरच्या बाजूला लटकलेलं एक टिकलीएवढं अक्षर. असं रोज दोन-तीन शब्द धरले तर दहा दिवसांत सगळी अक्षरं ओळखीची होतात.

खरा त्रास जुळ्या भावंडांचा. दालेत आणि रेश, दालेतचा कोपरा धारदार आणि जरा बाहेर आलेला, रेशचा गोल. बेत आणि काफ, दोन्ही डावीकडे उघडी, पण बेतची तळाची पट्टी उजवीकडे थोडी बाहेर येते, काफ पाठीवरून गुळगुळीत वळतो. हे आणि ख़ेत, हेच्या डाव्या पायावर फट, ख़ेतला फट नाही, दरवाजाची चौकट. सामेख़ आणि शेवटचा मेम, सामेख़ अंगठीसारखा गोल, मेमला कोपरे. वाव आणि ज़ायिन, ज़ायिनची टोपी दोन्ही बाजूंना बाहेर येते. गिमेल आणि नून, गिमेलचा एक पाय पुढे टाकलेला. हे सगळं मोठ्या फॉन्टमध्ये बघून घ्या, छोट्या फॉन्टमध्ये मला अजूनही दालेत-रेशवर थांबावं लागतं. बाकीच्यातला कोफ़ पटकन लक्षात येतो कारण सोफ़ित नसूनही त्याचा पाय ओळीखाली जातो, आणि पे म्हणजे तोंडात जीभ असलेला काफ.

आता एकाच आवाजाची दोन दोन अक्षरं. ख़ेत आणि पोटात ठिपका नसलेला काफ दोन्ही ख़. तेत आणि ताव दोन्ही त. काफ आणि कोफ़ दोन्ही क. जुन्या काळी हे आवाज वेगळे होते, आजच्या इस्रायली बोलण्यात एक झाले, स्पेलिंग तेवढी राहिली, आपलं श आणि ष तसंच. कुठे कुठलं हे पाठच करावं लागतं. परक्या भाषेतल्या शब्दांना मात्र सोपा नियम आहे, त साठी शक्यतो तेत आणि क साठी कोफ़, म्हणून टेलिफोनला तेत आणि बँकेला शेवटी कोफ़ असं चालतं, अपवाद निघतातच.

आलेफ़ आणि आयिन यांना स्वतःचा आवाज जवळपास नाहीच. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे कळतच नाही, 'सायलेंट लेटर' म्हणून सोडून देतात. आपल्याला सोपं आहे. सावरकरांची 'अ'ची बाराखडी आठवते का, अि, अी, अु, अे? तिथे अ हा नुसता पाट आहे, स्वर त्यावर येऊन बसतो. आलेफ़ तसाच पाट. खाली जी खूण असेल तो स्वर म्हणायचा, बस. आयिन जुन्या आणि येमेनी उच्चारात घशातून दाबून येतो, रोजच्या बोलण्यात आलेफ़सारखाच.

काना-मात्रा, म्हणजे निकुद

इथे आपली मराठी सवय पहिल्यांदा आडवी येते. आपण क लिहिला की त्यात अ आलाच, अ नको असेल तर पाय मोडावा लागतो. हिब्रूत उलट आहे. अक्षर जन्मतःच पाय मोडलेलं. काफ म्हणजे क नव्हे, क्. स्वर बाहेरून आणायचा, आणि तो एक तर खुणेने दाखवतात किंवा दाखवतच नाहीत. म्हणून शीर्षकात म्हटलं की अ बाजूला ठेवा, नाहीतर तुम्ही लामेद-बेत-नून बघून 'लबन' वाचाल आणि तो कुठलाच शब्द नाही.

खुणांना निकुद म्हणतात, ठिपके देणं असा अर्थ. त्यांची बाराखडी छोटी आहे, मेम घेऊन बघू. मेमखाली छोटी टी-सारखी खूण, कामात्स, झाला मा. मेमखाली नुसती आडवी रेघ, पाताख़, तोही मा. खाली दोन ठिपके शेजारी शेजारी, त्सेरे, मे. खाली तीन ठिपके, वर दोन आणि खाली एक, सेगोल, तोही मे. खाली एकच ठिपका, ख़िरिक, मि. डावीकडे वरती एक ठिपका, ख़ोलाम, मो. खाली तीन ठिपके तिरके उतरणारे, कुबुत्स, मु. पुढे वाव आणि त्या वावच्या पोटात ठिपका, शुरुक, तोही मु. आणि पुढे वाव आणि वावच्या डोक्यावर ठिपका, मो.

एका आवाजाला दोन दोन खुणा कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. गालील सरोवराच्या काठावर तिबेरिया गाव आहे, तिथल्या पंडितांनी, मसोरेत म्हणतात त्यांना, साधारण सातव्या ते दहाव्या शतकात ही पद्धत बसवली, धर्मग्रंथ वाचताना एकही स्वर इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. मूळ अक्षरांना हात लावायचा नव्हता, म्हणून सगळं वर, खाली आणि पोटात. त्यांच्या कानाला सात वेगवेगळे स्वर ऐकू येत होते, कामात्स आणि पाताख़ त्यांच्यासाठी खरंच वेगळे होते. आजचं हिब्रू पाचच म्हणतं. कामात्स कधीकधी ओ वाचावा लागतो त्याचंही मूळ यातच आहे, 'कामात्स काटान' म्हणतात त्याला, 'ख़ोख़्मा' म्हणजे शहाणपण या शब्दात पहिली खूण कामात्सची आहे पण वाचायचं ख़ो. हे सुरुवातीला अपवाद म्हणून पाठ करा, नियमामागे लागू नका.

श्वा समजून घ्या, कारण त्यावर सगळे अडकतात. अक्षराखाली दोन ठिपके, एकावर एक, उभे. हा बहुतेक वेळा आपला पाय मोडणं. मिख़्ताव म्हणजे पत्र, त्यात ख़ खाली श्वा आहे. पण शब्दाच्या पहिल्याच अक्षराला श्वा असेल तर कधी गप्प, कधी छोटासा ए. माझ्या बाईंनी दिलेला कामचलाऊ नियम, पहिलं अक्षर ल, म, न, र, य यांपैकी असेल तर ए म्हणा, येलादिम म्हणजे मुलं, रेख़ोव म्हणजे रस्ता, मेओद म्हणजे खूप. बाकी अक्षरांना बहुतेकदा गप्प, स्फ़ारिम म्हणजे पुस्तकं, क्विश म्हणजे रस्ताच पण गाड्यांचा. आणि 'मध्ये', 'ला', 'आणि' अशा अर्थाची जी एकाक्षरी जोडणी पुढे लागतात, बे, ले, वे, ती ए नेच म्हणायची.

अक्षराच्या पोटात जो ठिपका तो दागेश. आजच्या उच्चारासाठी तो तीनच अक्षरांत महत्त्वाचा. बेतमध्ये ठिपका असला तर ब, नसला तर व. काफमध्ये असला तर क, नसला तर ख़. पे मध्ये असला तर प, नसला तर फ़. बाकी अक्षरांत दिसला तर बघून न बघितल्यासारखं करा. शब्दाच्या सुरुवातीला साधारण कडक आवाज, शेवटी मऊ. परके शब्द हा नियम मोडतात, 'केचप' शेवटी कडक प हवा म्हणून शेवटी असूनही साधाच पे लिहितात, शेपटीचा नाही. शीनवर ठिपका उजव्या दात्यावर असेल तर श, डाव्यावर असेल तर स.

अजून एक छोटी पण फार उपयोगाची गोष्ट. शब्दाच्या शेवटी ख़ेत आणि त्याखाली पाताख़ असेल तर आ आधी आणि ख़ नंतर. दुकानाच्या दारावर 'उघडं आहे' ची पाटी असते, पे, ताव, वाव, ख़ेत, ती 'पातुआख़', 'पातुख़ा' नाही. सफरचंद तसंच, तापुआख़.

आता हे सगळं एका जागी बघा. सामेख़, पे, रेश ही तीन अक्षरं वहीत तीनदा लिहा. पहिल्यांदा त्सेरे आणि सेगोल द्या, पे बिनठिपक्याचा, सेफ़ेर, पुस्तक. दुसऱ्यांदा पाताख़ आणि कामात्स द्या आणि पे ला ठिपका, सापार, न्हावी. तिसऱ्यांदा कामात्स आणि पाताख़, पे बिनठिपक्याचा, साफ़ार, त्याने मोजलं. खुणा पुसून टाका, तिन्ही एकसारखे.

मग खुणा काढून टाकायच्या

कारण खऱ्या आयुष्यात त्या नसतात. लहान मुलांची पुस्तकं, कविता, प्रार्थनेची पुस्तकं, डिक्शनरी, एवढ्यातच निकुद. पेपर, बसच्या पाट्या, औषधाची चिठ्ठी, घरमालकाचा व्हॉट्सॲप मेसेज, सगळं उघडं. तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनास्थळात, वाचतात तीसुद्धा बिनखुणांची असते, वाचणारा आधी तयारी करून येतो.

मदत म्हणून काही अक्षरं स्वराचं काम करतात. वाव दिसला तर ओ किंवा उ असण्याची शक्यता, योद दिसला तर इ किंवा कधी ए, शब्दाच्या शेवटी हे दिसला तर बहुतेक आ किंवा ए. बिनखुणांच्या लिखाणात असे वाव आणि योद जास्तीचे घालतात. व्यंजन म्हणून व किंवा य म्हणायचा असेल तर शब्दाच्या मध्ये ते अक्षर दोनदा लिहितात, दोन वाव एकत्र दिसले की व समजा. हे नियम हिब्रू भाषा अकादमी ठरवते, ती १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झाली, आणि लोक ते नियम आपण शुद्धलेखनाचे पाळतो तितकेच पाळतात.

पण खरी चावी धातूत आहे. क-त-व ही तीन व्यंजनं दिसली की लिहिण्याशी संबंध, काताव लिहिलं, कोतेव लिहितो, मिख़्ताव पत्र, क्तोवेत पत्ता. हा धातू अरबीतही आहे आणि तिकडूनच आपल्याकडे 'किताब' आली. ख़ेत-शीन-बेत धातूतून ख़ेश्बोन, म्हणजे बिल, गणित, आपला 'हिशेब'च! तारीख़ ला ताआरिख़ म्हणतात, साबणाला साबोन. हे ऐकल्यावर मला एकदम बरं वाटलं होतं, आपण अगदीच परक्या गावात नाही.

रामलाच्या बाजारात एकदा मी भाजीवाल्याशी अडखळत बोलत होते तर मागून आवाज आला, "काय गं, मुंबईची का?" वळून बघते तर एक ऐंशीच्या आसपासच्या आजी, फुलाफुलांचा झगा, हातात पिशवी.

"नाही आजी, ठाण्याची."

"मी पेणची. इथे येऊन पन्नास वर्षं झाली. वाचता येतं का?"

म्हटलं, "खुणा असल्या तर येतं, नसल्या तर नाही."

"माझे बाबा दुकानाचा हिशेब मोडीत लिहायचे," त्या म्हणाल्या, "ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, वाचणाऱ्याला माहिती पाहिजे काय लिहिलंय. अक्षर अक्षर लावत नको बसूस, शब्द तोंडात आला पाहिजे, मग डोळ्याला दिसतो."

एवढं सरळ मला क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे करायचं काय, तर आधी कानाने शब्द गोळा करा, पाचशे तरी, आणि मग ते शब्द बिनखुणांचे शोधा. पाटीवर सामेख़, गिमेल, वाव, रेश दिसलं आणि 'सागुर', बंद, हा शब्द तुम्हाला ऐकून माहीत असेल तर तो आपोआप वाचला जातो. सुरुवात पाट्यांपासून करा, क्निसा म्हणजे आत जायचा रस्ता, येत्सिआ बाहेर जायचा, ताख़ाना स्टेशन किंवा स्टॉप.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपले प्रत्यय मागे लागतात, 'घरात', 'घराला', त्यांचे पुढे लागतात आणि चिकटून. बाइत म्हणजे घर, हाबाइत म्हणजे 'ते घर'. त्यामुळे अनोळखी लांब शब्द दिसला की आधी पहिलं अक्षर हे, वाव, बेत, लामेद, मेम, शीन, काफ यांपैकी आहे का बघा, झाकून बघा, मागे ओळखीचा शब्द निघतो बऱ्याचदा.

हाताने लिहिणं

छापील अक्षरं हाताने कोणी लिहीत नाही. हे मला उशिरा कळलं, मी घरमालकाला छापील चौकोनी अक्षरांत चिठ्ठी लिहिली आणि तो म्हणाला पहिलीतल्या मुलासारखं आहे, गोड आहे. हाताची लिपी वेगळी, गोलसर, एकेका झटक्यात होणारी, तरी अक्षरं सुटीच. त्यात आलेफ़, मेम, शीन, त्सादी अगदी अनोळखी दिसतात. हातातला मेम इंग्रजी मोठ्या एन सारखा, शीन इंग्रजी छोट्या ई सारखा गिरकी घेतलेला, त्सादी इंग्रजी तीनच्या आकड्यासारखा, सामेख़ सरळ गोल. छापील ओळखता यायला लागलं की लगेच ही शिका, दोन्ही एकदम नको.

वही उजवीकडून उघडायची. मी उजवखोरी, सुरुवातीला हाताखाली सगळी शाई पुसली जायची, बॉलपेन घ्या, जेलपेन नको. अक्षर ओळीवर बसवण्यापेक्षा वरच्या ओळीला टांगलेलं आहे असं समजा, आपल्या शिरोरेषेची सवय इथे कामी येते, तोरा लिहिणारे लेखनिकसुद्धा चर्मपत्रावर कोरडी रेघ मारून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली लटकवतात. निकुद लिहीत बसू नका, रोजच्या लिखाणात कोणी लिहीत नाही.

फोनवर टाइप करताना मराठी आणि हिब्रू एकाच ओळीत घेतलं की कर्सर वेड्यासारखा उड्या मारतो, तो फोनचा दोष नाही, दोन दिशा भांडतायत. दोन वेगळ्या ओळी करा.

शेवटचा सराव, स्वतःचं नाव. 'चहा' मधल्या च साठी त्सादी आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक छोटा तिरका फटका, त्याला गेरेश म्हणतात. 'जीव' मधल्या ज साठी गिमेल आणि गेरेश. सचिन असेल तर सामेख़, आलेफ़, गेरेशवाला त्सादी, योद, शेवटचा नून. माधुरी, मेम, आलेफ़, दालेत, वाव, रेश, योद, ध चा द झाला, इलाज नाही. मुंबई, मेम, वाव, मेम, बेत, आलेफ़, योद. आणि पुणे लिहिलंत तर पे, वाव, नून, हे, जे कोणीही इस्रायली माणूस 'पोने' असं वाचू शकतो, अर्थ 'वळतो'. पुणेकरांना पाट्यांवर पाट्या लावायची सवय आहेच, एक निकुदसकट लावावी.

महाराष्ट्रात बसून सराव करायचा असेल तर जागा आहेत. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कोकणात शतकानुशतकं राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत, आडनावं आपल्यासारखीच गावावरून, दिवेकर, पेणकर. मुंबईत मशीद बंदरजवळ शाआर हाराख़ामिम हे १७९६ चं सिनेगॉग आहे, पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ आहे, अलिबागला इस्रायल आळीत माघेन अबोथ आहे. आत जायचं तर आधी विचारून, परवानगी घेऊन. आणि कोकणातल्या ज्यू दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रू आणि मराठी बऱ्याचदा शेजारी शेजारी कोरलेलं असतं, म्हणजे उत्तर समोरच. तिथली सालं अक्षरांत असतात, आलेफ़ १, योद १०, कोफ़ १००, ताव ४००, अशी बेरीज करायची, फक्त १५ आणि १६ ला योद-हे आणि योद-वाव लिहीत नाहीत कारण त्यात देवाच्या नावाची अक्षरं येतात, त्याऐवजी तेत-वाव म्हणजे ९ अधिक ६ आणि तेत-ज़ायिन म्हणजे ९ अधिक ७. दगड झिजलेला असला तर दालेत की रेश हे बोटाने कोपरा चाचपडून बघा, धारदार लागला तर दालेत.